घरातली ज्वारी कुठे गेली?

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



भाषण सुरू करायच्या आधी आम्हाला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. आज ज्यांच्या घरात स्वतःच्या शेतात पिकलेली, पुढच्या दिवाळीपर्यंत पुरेल एवढी ज्वारी आहे, त्यांनी हात वर करावेत.

मोजता येतील एवढेच हात वर आले. इथे बसलेले बहुतेक सगळे जमीनवाले आहेत. कुणाला तीन एकर, कुणाला आठ एकर, कुणाला पंधरा. म्हणजे जमीन आहे, आणि भाकरीचे पीठ दुकानातून येते. आजचा विषय अन्नसुरक्षा असा छापला आहे. शब्द मोठा आहे, दिल्लीत आणि रोमला त्याच्यावर परिषदा होतात. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच : उद्या पाऊस दगा देऊन गेला, भाव पडला, रस्ता बंद झाला, तर घरातली माणसे काय खातील? या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याजवळ आहे तो सुरक्षित.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही मोताळा तालुक्यात एका घरी गेलो होतो. त्याच्या आदल्या वर्षी कापसाने दहा-बारा हजारांचा भाव दाखवला होता, म्हणून त्या वर्षी सगळ्यांनी कापूस घरात ठेवला. तुम्हीही ठेवला असेल. त्या घरात दोन खोल्यांपैकी एक कापसाने छातीइतकी भरलेली. लेकराबाळांच्या अंगाला कापसाने खाज सुटलेली, सगळे अंगणात झोपत. भाव वाढायची वाट पाहता पाहता तो खालीच येत होता. आम्ही बसलो असताना नातू सायकलवरून आला, हँडलला पाच किलो पिठाची पिशवी. त्याची आजी आम्हाला म्हणाली, "भाऊ, घरात लाखाचा माल हाय, पण तो काही चुलीवर चढत नाही."

त्या आजीचे बोलणे डोक्यात ठेवूनच आजचे पुढचे ऐका.

आमच्या कापूस-ज्वारीच्या मुलखात पूर्वी हिशेब सोपा होता. कापूस कर्जासाठी, लग्नासाठी, सरकारच्या साऱ्यासाठी. ज्वारी पोटासाठी. ज्वारीच्या तासांमध्ये मूग, उडीद, बरबटी, तूर, काठाने अंबाडी. अंबाडीची भाजी पावसाळ्यात, तिचा दोर वर्षभर. कळण्याची भाकरी, कण्या, उन्हाळ्यातले धापोडे, थंडीतला हुरडा, सगळे त्या एका वावरातून यायचे. कडबा बैलाला. सोंगणीला येणाऱ्या बायांची मजुरी पुष्कळ गावांत ज्वारीतच मिळे, सालदाराच्या करारात अमुक इतकी ज्वारी ठरलेली असे. म्हणजे ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नव्हती त्याच्याही घरात कणगी असे, लहान का होईना. ज्वारी गेली तेव्हा ती एकटी गेली नाही, हे सगळे बरोबर घेऊन गेली.

जुने दिवस सोन्याचे होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने त्या काळी शेती केलेली नसते.

वऱ्हाड म्हणजे सोन्याची कुऱ्हाड असे म्हणतात. या सोन्याच्या मुलखात माणसे भुकेने मेली आहेत. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीवर पडली. १८७० साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो लोकांना पंढरीला न्यायला नव्हे, कापसाच्या गाठी न्यायला. पैसा आला, नाही असे नाही. पण त्याआधी ज्वारी गावातच पेवात भरून ठेवत. एक साल बुडाले तर मागच्या सालच्या पेवाचे तोंड उघडायचे. रेल्वे आल्यावर शिलकी धान्य बाहेर नेणे व्यापाऱ्याला सोपे झाले आणि पेवे उथळ होत गेली. १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले तेव्हा कापूस पिकवणाऱ्याच्या हातात ना कापूस राहिला ना धान्य. वऱ्हाडात दुष्काळ पडतच नाही असे साहेब लोक समजत होते, त्याच वऱ्हाडात.

१९४३ साली बंगालमध्ये तीस लाखांच्या आसपास माणसे गेली. अमर्त्य सेन यांनी पुढे आकडे काढून दाखवले की त्या साली धान्याचा एवढा मोठा तुटवडा नव्हता. धान्य होते, ते विकत घ्यायची ऐपत मजुराजवळ, कोळ्याजवळ, छोट्या कारागिराजवळ उरली नव्हती. ही गोष्ट आपल्या कामाची आहे. गोदाम भरलेले असणे ही एक गोष्ट आणि घरात धान्य असणे ही दुसरी. सरकार नेहमी पहिलीचा आकडा सांगते.

१९७२ इथल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. खडी फोडली, तलावाची माती वाहिली, सुकडी खाल्ली, अमेरिकेची लाल मिलो खाल्ली. ती मिलो तोंडात फिरायची, पण तिने जगवले हे खोटे नाही. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम हे महाराष्ट्राने देशाला दिले, आणि त्याला कारण झाली ती कोरडवाहू माणसाची भूक.

आता ज्वारी का गेली ते पाहू. शहरातले पंडित म्हणतात, शेतकरी पैशाच्या मागे लागला, नगदी पिकाचा त्याला लोभ सुटला. आम्ही विचारतो, लोभ सुटायला मिळाले काय?

साठ-सत्तरच्या काळात ज्वारीवर लेव्ही होती. जिल्हाबंदी होती. ज्याने ज्वारी पिकवली त्याच्या खळ्यावर सरकारचा माणूस यायचा आणि सरकारच्या भावाने सरकारचा वाटा न्यायचा. बाहेर चढा भाव असला तरी जिल्ह्याच्या हद्दीबाहेर पोते नेले की गुन्हा. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात माणूस उपाशी, इकडे शेतकऱ्याला भाव नाही, आणि मध्ये नाका. ज्वारी पिकवण्याबद्दल सरकारने दिलेले हे पहिले बक्षीस. त्याच सुमारास, १९६४ साली, सीएसएच-१ हे हायब्रीड आले. उत्पन्न वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. पण बुटके ताट, कडबा कमी, आणि दाणा भरताना परतीचा पाऊस आला की कणीस काळे. काळ्या ज्वारीला बाजारात कोण विचारतो? भाकरीला चव नाही म्हणून घरातही कुणी खाईना.

मग नव्वदच्या दशकात सोयाबीन आले. शंभर दिवसांत वावर मोकळे, मळणी यंत्राने, हातात रोख पैसा. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आला, कडब्याची गरज कमी झाली. सोंगणीला माणूस मिळेना. महाराष्ट्रात ज्वारीखाली कधीकाळी साठ लाख हेक्टरांहून जास्त जमीन होती, आज ती वीस लाखांच्या आत आली आहे. आपल्या खरिपाच्या ज्वारीची पडझड त्यात जास्त.

आणि शेवटचा घाव रानडुकरांचा. हा मुद्दा पुस्तकात सापडत नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही. गावात सगळे ज्वारी पेरत होते तेव्हा पाखरे, डुकरे, रोही सगळ्यांचे थोडे थोडे खात. आता शिवारात एकट्याचीच ज्वारी असते. मग पंचक्रोशीतली पाखरे त्याच्याकडे जेवायला आणि रात्री डुकरांचा कळप. चिखली तालुक्यात एकाला आम्ही म्हटले, एक एकर तरी ज्वारी पेर. तो म्हणाला, "बाप्पा, जवारी पेरून मी का सरकारचे डुक्कर पोसू?" आम्ही गप्प बसलो. त्याचे चूक काय होते?

तर मायबहिणींनो, ज्वारी अशी गेली. शेतकऱ्याच्या लोभाने ती गेली असे आम्हाला वाटत नाही. पिकवणाऱ्याला शिक्षा आणि खाणाऱ्याला परका दाणा, असे धोरण पन्नास वर्षे चालले, त्याने गेली.

परका दाणा म्हणजे रेशनचा गहू आणि तांदूळ. २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो, अंत्योदय कार्डाला घरटी पस्तीस किलो. त्या कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची सोय लिहिलेली होती, पण आमच्या कार्डावर आला तो बहुतेक गहू आणि तांदूळच. जानेवारी २०२३ पासून तोही फुकट झाला. आम्ही या कायद्याच्या विरोधात बोलायला उभे नाही. २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईहून, सुरतेहून आपली पोरे पायी घरी आली तेव्हा त्याच पाच किलोने चुली पेटल्या. जो म्हणतो रेशन बंद करा, त्याने आधी भूमिहीन मजुराच्या घरी आठ दिवस राहावे. आमचे म्हणणे वेगळे आहे.

पाच किलो म्हणजे किती ते आपण कधी मोजले का? दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. दोन भाकरी. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईचे दोन भाकरीत भागते का? बाकीचे विकतच घ्यायचे. आणि घरात कमी पडले की कोण कमी खाते हे पुरुष मंडळींना माहीत आहे, बोलून दाखवत नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. ज्या बाईच्या ताटातून ज्वारी, मूग, उडीद, अंबाडी गेली आणि त्या जागी पांढरा भात आला, तिच्या अंगात रक्त कुठून येणार?

आता केशरी कार्डाची कथा. ही खास आपल्या जिल्ह्याची आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१३ च्या कायद्यासाठी राज्याने ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा धरली. म्हणजे घराला महिन्याला पावणेचार हजारही नाहीत. त्याच्या वर गेला तो कोरडवाहू शेतकरी कायद्याच्या बाहेर. बरे, त्याचे उत्पन्न कसे ठरवणार? ज्या वर्षी कापूस बोंडअळीने खाल्ला त्या वर्षीचे की ज्या वर्षी भाव आला त्या वर्षीचे? असे पुष्कळ शेतकरी केशरी कार्डावर अडकले. पुढे आत्महत्यांचे आकडे इतके वाढले की सरकारलाच लाज वाटली. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजात विदर्भातले सहा जिल्हे घेतले होते, त्यात बुलढाणा होता. ऑगस्ट २०१५ पासून राज्याने मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे हेच सहा, अशा चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन रुपयांनी गहू आणि तीन रुपयांनी तांदूळ द्यायला सुरुवात केली, माणशी पाच किलो. जो देशाला धान्य, कापूस, तेलबिया देतो त्याला सरकारने धान्य द्यावे लागते, याची नोंद सरकारने स्वतःच्या हाताने केली. त्यावर सभागृहात कुणाला काही वाटले असेल तर आम्हाला माहीत नाही.

सात वर्षे हे चालले. मग २०२२ साली मार्चमध्ये उत्तरेत उष्णतेची लाट आली. पंजाब-हरयाणाचा गहू दाणा भरताना सुकला, शिवाय बाहेर व्यापारी चढ्या भावाने घेत होता. आदल्या वर्षी केंद्राने ४३३ लाख टन गहू खरेदी केला होता, त्या वर्षी १८८ लाख टनच मिळाला. १३ मे रोजी गव्हाची निर्यात एका रात्रीत बंद झाली. आणि त्याच वर्षी अन्न महामंडळाने राज्याला कळवले की अन्न सुरक्षा कायद्याबाहेरच्या योजनेला यापुढे धान्य मिळणार नाही. चौदा जिल्ह्यांच्या केशरी कार्डाचे धान्य थांबले.

काय झाले ते बघा. ऊन पडले लुधियान्यात, हुकूम निघाला दिल्लीत आणि डबा रिकामा झाला देऊळगाव राजात. आपल्या शिवारात त्या वर्षी काय पिकले, किती पिकले, याच्याशी त्या डब्याचा काही संबंध नव्हता. याला अन्नसुरक्षा म्हणायचे का? आमच्या मते ही सुरक्षा दुसऱ्याच्या दावणीला बांधलेली आहे.

धान्याऐवजी राज्याने जानेवारी २०२३ पासून पैसे द्यायचे ठरवले. माणशी महिना १५० रुपये. दिवसाला पाच रुपये. पाच रुपयांत टपरीवर अर्धा कप चहा मिळतो. २०२४ साली ते १७० केले. आता हिशेब करा, लांब जायचे कारण नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने हायब्रीड ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये क्विंटल जाहीर केला. म्हणजे सरकारच्याच भावाने किलोला ३७ रुपये. पाच किलोचे १८५ होतात. म्हणजे सरकार शेतकऱ्याला जो किमान भाव सांगते त्या भावानेसुद्धा सरकारने दिलेल्या पैशात पाच किलो ज्वारी येत नाही. दुकानात चाळीस रुपये धरले तर सव्वाचार किलो. दळणाचे वेगळे. हमीभाव दरवर्षी वाढतो, मदतीचा आकडा मात्र एकदा लिहिला की तिथेच बसतो, कुणी ओरडले तर वीस रुपये वर सरकतो. ते पैसे वेळेवर येतात का, किती जणांच्या खात्यात येतात, हे तुम्ही जेवायला बसल्यावर एकमेकांना विचारा.

धान्याऐवजी पैसा वाईटच, असे आम्ही मानत नाही. पैसा असला तर माणूस गव्हाऐवजी ज्वारी घेईल, तूर घेईल, त्याची मर्जी. पण पैसा द्यायचा तर धान्याच्या भावाला बांधून द्या. आणि गावात ज्वारीच पिकत नसेल तर त्या पैशाने घेणार काय? पुन्हा बाहेरचेच.

बाहेरून आलेले खाण्यात आणखी एक अडचण आहे. डिसेंबर २०२४ च्या शेवटी आणि जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस गळू लागले. हात लावला की पुंजका हातात, तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुले, बाया, म्हातारे. आधी खारपाणपट्ट्याच्या पाण्यावर संशय घेतला गेला. दिल्लीहून वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसे आली, पाणी, रक्त, केस तपासायला नेले. मग विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर नाव असलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी त्या गावांत जाऊन नमुने घेतले आणि रक्तात सेलेनियम प्रमाणाबाहेर असल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. त्यावर वाद झाला. दोष गव्हाचा की आणखी कशाचा, हे ठरवायला आम्ही वैद्य नाही आणि रेशनचा गहू टाकून द्या असे सांगून कुणाला घाबरवायलाही उभे नाही. आम्हाला त्या गावांतल्या लोकांचे हाल दिसतात. मुलींची लग्ने अडली, मुले शाळेत जाईनात, आणि आपण खातो ते धान्य कोणत्या मातीतून आले हे सांगणारे गावात कुणी नव्हते. आपल्या वावरातली ज्वारी खाणाऱ्याला निदान माती तरी माहीत असते.

आता तुम्ही म्हणाल, भाषण ठीक आहे, पण ज्वारी परवडत नाही. बरोबर आहे. म्हणून परवडण्याचाच हिशेब मांडू.

बाजारात न्यायची ज्वारी आणि घरात खायची ज्वारी यांचा हिशेब एक नाही. बाजारात नेली तर हमीभाव कागदावर राहतो, अडत, हमाली, तोलाई जाते, काळपट दाण्याला कट लागतो. सोयाबीनचे तरी काय? २०२४ साली हमीभाव ४,८९२ होता आणि आपण चार हजारांच्या आसपास देऊन आलो. एकरी पाच क्विंटल धरले तर वीस हजार, त्यातून बियाण्याची बॅग, खत, फवारणी, काढणी वजा. आता ज्वारी. साधारण पावसात एकरी सात क्विंटल धरा. ती विकायची नाही, खायची. पाच माणसांच्या घराला वर्षाला सहा-सात क्विंटल लागतेच. दुकानातून चाळीस रुपयांनी आणली असती तर अठ्ठावीस हजार गेले असते. ते वाचले. वाचलेल्या पैशाला ना अडत्या हात लावतो ना सावकार. वर कडबा, वर मूग-उडीद. सगळे वावर ज्वारीखाली आणा असे आम्ही कुणाला सांगत नाही, तसे केले तर भाव आणखी पडेल आणि तुम्ही आम्हालाच शिव्या द्याल. घराला लागेल तेवढी, एकर, दीड एकर. कापूस-सोयाबीनचा भाव पडला तरी त्या वर्षी पीठ उधार आणावे लागणार नाही, एवढ्यापुरती.

आणि उधारीचा मुद्दा छोटा नाही. श्रावणात कापूस फुलावर असतो तेव्हा घरातले धान्य संपते. दुकानदाराकडून किराणा उधार, तो देतो कारण दिवाळीला कापूस त्याच्याच काट्यावर जाणार. ज्याच्या घरात ज्वारी आहे तो कापूस चार महिने दाबून धरू शकतो. ज्याच्या घरात नाही त्याला पहिल्याच वेच्याला विकावा लागतो. म्हणून कापसाच्या भावाची लढाईसुद्धा कणगीपासून सुरू होते, असे आमचे मत बनले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बाहेरच्या कापसावरचे अकरा टक्के आयातशुल्क माफ केले आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत लांबवली, नेमकी आपल्या वेचणीच्या दिवसांत. तुरीची आयात २०२१ सालीच मोकळी केली आणि वर्षामागून वर्ष मुदत वाढवली. अशा वेळी ज्याच्याकडे थांबायची ताकद नाही, त्याने मोर्चात किती दिवस बसायचे?

डुकरांचे काय, हा प्रश्न उरतो. एकट्याने पेरली तर डुकरे खाणार, हे खरे. म्हणून एकट्याने पेरायचीच नाही. गावातल्या पंधरा-वीस जणांनी शिवाराच्या एकाच अंगाला, लागून लागून असलेल्या वावरांत, एकाच आठवड्यात पेरायची. ज्याचे वावर त्या अंगाला नाही त्याने बदलून घ्यावे किंवा बटाईने करावे. पाखरे आली तरी वीस एकरांत वाटली जातात. रात्री जागल पाळीने, वीस घरे म्हणजे तीन आठवड्यांतून एक पाळी. संकरितच घ्यायचे तर कणीस सैल आणि पावसात टिकणारे बियाणे पाहून घ्या, नाहीतर घरी कुणाकडे गावरान उरले असेल त्याचा शोध घ्या. म्हाताऱ्या बायांना विचारा, उतरंडीत ठेवलेली कणसे त्यांच्याकडेच असतात. घाटाखाली खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचे पाणी पिकाला देता येत नाही, तिथे तर आम्हाला दुसरा रस्ता दिसत नाही. आणि नुकसानभरपाईचा अर्ज वीस जणांनी एकत्र दिला तर तलाठ्याला पंचनाम्याला यावे लागते, एकट्याचा अर्ज फायलीत राहतो.

सरकारकडे आपल्याला काय मागायचे तेही सांगून ठेवतो. रेशनवर आपल्या जिल्ह्यात निम्मे धान्य ज्वारी असावे, आणि ती ज्वारी आपल्याच जिल्ह्यातून हमीभावाने घेतलेली असावी. ज्वारी-मका हमीभावाने घेऊन रेशनवर वाटण्याचे प्रयोग राज्यात मधूनमधून झाले आहेत, म्हणजे अशक्य असे काही त्यात नाही. फक्त खरेदी केंद्र ज्वारी खळ्यावर असताना उघडले पाहिजे, व्यापाऱ्याच्या गोदामात गेल्यावर नको. अशी ज्वारी रेशनवर आली तर मजुराच्या घरातही ती परत जाईल. त्याच्या सोंगणीची ज्वारी आपणही बंद केली आहे, हे विसरू नका. केशरी कार्डाचे पैसे हमीभावाला बांधावेत, पाच किलोचे जे होतील ते. आणि डुकरांच्या नुकसानीचे पैसे हंगामाच्या आत.

मृगाला अजून वेळ आहे. प्रत्येक गावाने ग्रामसभेत हा विषय घ्यावा, ठरावाची नक्कल तालुक्याला द्यावी. पुढच्या बैठकीला येताना तीन गोष्टी लिहून आणा : गावात किती घरे ज्वारी पेरायला तयार आहेत, शिवाराची कोणती बाजू ठरली, आणि केशरी कार्डाच्या किती घरांत मागच्या सहा महिन्यांत पैसे आले. बायांनी वेगळी यादी करावी, पुरुषांच्या यादीत पिठाचा हिशेब बरोबर येत नाही. नांदुरा आणि मलकापूरकडच्या मंडळींना परतीची गाडी आहे, त्यांनी नावे आत्ताच दाराजवळ लिहून द्यावीत.